उन्हाचे पट्टे आणि लग्नाची घाई

सकाळी साडेसातच्या सुमारास पिंपळे सौदागरच्या शिवार चौकात सिग्नलला थांबलेल्या दुचाकी पाहा. डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, त्यावर हेल्मेट, अंगात सनकोट. स्कार्फच्या फटीतून फक्त डोळे दिसतात. कोणी भोसरीला निघालेली असते, कोणी चाकणला, कोणी हिंजवडीला. घाईत निघालेल्या एखादीच्या हातात मोजे नसतात. एखादीची बाही कोपराच्या वरच संपते. मुलांचे तर बोलायलाच नको. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि हेल्मेट एवढाच त्यांचा बंदोबस्त.

याच मुलामुलींची लग्ने ठरतात, केळवणे सुरू होतात, आणि ब्लाउजच्या मापासाठी आरशासमोर उभे राहिले की एक गोष्ट पहिल्यांदाच नीट दिसते : एकाच हाताला तीन रंग आहेत. दंड उजळ, कोपराखालचा भाग गडद आणि मनगटावर घड्याळाचा पांढुरका पट्टा. डोळ्यांभोवती स्कार्फच्या फटीएवढी गडद पट्टी. मानेमागे गळ्याच्या आकाराची कमान. पावलांवर चपलेच्या पट्ट्यांची नक्षी. आपल्या जुन्या शब्दात सांगायचे तर कातडी रापली आहे. हल्ली सगळे त्याला टॅन म्हणतात.

मग प्रश्न येतो : ‘डॉक्टर, लग्नाला पंधरा दिवस आहेत, हे जाईल ना?’ लग्नसराईत हा प्रश्न सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतही येतो. बऱ्याचदा तो येतो तेव्हा चेहऱ्याला काहीतरी लावून झालेले असते आणि आग होत असते. म्हणून आज या विषयाचा सविस्तर विचार करू. पट्टे घालवता येतात, झाकताही येतात. पण घालवायला वेळ लागतो आणि झाकायला एक दिवस पुरतो. या दोहोंत गल्लत झाली की नुकसान होते.

कातडी रापते म्हणजे काय?

आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कशा प्रकारचे मेलॅनिन तयार करतात यात. उन्हातले अतिनील किरण त्वचेवर पडले की पेशींच्या गाभ्यातील डीएनएला इजा होऊ लागते. तो इशारा मिळताच मेलॅनिनचे उत्पादन वाढते आणि त्याचे कण आजूबाजूच्या पेशींत जाऊन प्रत्येकीच्या गाभ्यावर छत्रीसारखे पसरतात. म्हणजे रापणे हा त्वचेवर बसलेला मळ नव्हे. ती शरीराने स्वतःवर धरलेली छत्री आहे. मळ नाही म्हणूनच ती घासून जात नाही.

अतिनील किरणांचे आपल्यापर्यंत पोहोचणारे दोन प्रकार आहेत. ‘बी’ किरण त्वचा भाजतात आणि दुपारी ते सर्वाधिक असतात. ‘ए’ किरण सकाळपासून संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी टिकून असतात, त्वचेत खोलवर जातात आणि गाडीच्या साध्या काचेतूनही आत येतात. उन्हात गेल्यावर काही मिनिटांतच येणारा काळपटपणा मुख्यतः ‘ए’ किरणांचा असतो. नवे मेलॅनिन तयार होऊन दिसणारा गडद रंग दोन-तीन दिवसांनी येतो आणि मुक्काम ठोकतो. सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही रंग गडद होतो, हेही आता माहीत झाले आहे.

आपल्याकडे लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा जोर धरते. पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यावर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शाळेत ‘शून्य सावलीचा दिवस’ शिकवतात तो हाच. म्हणजे उन्हाळी मुहूर्त धरणाऱ्यांचे पत्रिका वाटप, बस्ता आणि खरेदी वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात होते.

उजवा हात जास्त का रापतो?

पिंपळे सौदागरहून चाकणला जाणारी माणसे नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करत साधारण उत्तरेकडे जातात. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे त्यांच्या उजव्या हाताला असतो. पाळी संपवून परत येताना तोंड दक्षिणेकडे असते आणि सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो. म्हणजे पुन्हा उजवीकडेच! पहिली पाळी दुपारी तीनच्या आसपास सुटते तेव्हा ऊन अजून कडकच असते. चारचाकी चालवणाऱ्यांचीही तीच गत, कारण आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे. ज्यांना रोज हा रस्ता आहे त्यांनी आपले दोन्ही हात शेजारी ठेवून पाहावेत. हिंजवडीकडे जाणाऱ्यांचे तसे नाही. ते सकाळी पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे जातात, त्यामुळे सूर्य बहुधा पाठीशी असतो. त्यांची मान आणि पाठीचा वरचा भाग जास्त रापतो.

कारखान्यात आणखी एक ‘सूर्य’ असतो, तो म्हणजे वेल्डिंगची ठिणगी. वेल्डिंगच्या झोतातून तीव्र अतिनील किरण बाहेर पडतात. वेल्डरने डोळ्यांपुढे काच धरली तरी शर्टाचे वरचे बटण उघडे असेल तर गळ्याखाली त्रिकोणी काळा डाग उमटतो. पट्टे ही केवळ नवरीची अडचण नाही. नवरदेवाच्या कपाळावर हेल्मेटची आणि दंडावर टी-शर्टची रेघ असतेच. फेटा आणि शेरवानी ती झाकून टाकतात, म्हणून त्याला कोणी विचारत नाही एवढेच.

घासून, पुसून, पिळून जात नाही

त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो आणि खालून नवा येत असतो. या एका फेऱ्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ऊन थांबले तर मेलॅनिन भरलेल्या पेशी हळूहळू वर येऊन झडतात आणि रंग उतरतो. एखाद्या सहलीत आलेला टॅन काही आठवड्यांत बराच कमी होतो. मात्र वर्षानुवर्षे रोज रापलेल्या हातांना काही महिने लागतात, आणि ऊन चालूच राहिले तर तो उतरतच नाही. हिशेब इतका सरळ आहे.

तरीही घाईपोटी बरेच काही केले जाते. लिंबू चोळून उन्हात गेले की लिंबाच्या रसातील काही द्रव्ये आणि अतिनील किरण यांची प्रक्रिया होऊन त्वचा भाजते, फोड येतात आणि नंतर पडलेले डाग मूळ टॅनपेक्षा काळे असतात. खाण्याचा सोडा क्षारधर्मी आहे, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. सोड्याने तिचे संरक्षक कवच बिघडते. डाळीचे पीठ, दूध, उटणे यांनी कोरडी कातडी निघते आणि त्वचा मऊ, तुकतुकीत दिसते. हलक्या हाताने लावले तर त्यात काही वाईट नाही, पण त्याने मेलॅनिन जात नाही. खरखरीत स्क्रबने जोरात घासले तर सावळ्या त्वचेत उलट घडते : सूज येते आणि सुजेमागून नवा काळेपणा येतो.

पार्लरमधल्या ब्लीचमध्ये बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो. त्याने चेहऱ्यावरची बारीक लव सोनेरी होते आणि चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मूळ त्वचेचा टॅन तिथेच राहतो. ‘डी-टॅन’ नावाच्या लेपांमध्ये ब्लीच किंवा फळांतील आम्लांसारखी सौम्य आम्ले असतात. ती वरचा मृत थर सैल करतात, त्यामुळे थोडा फरक दिसतो. पण त्यानंतरचे काही दिवस त्वचा उन्हाला अधिक हळवी असते. डी-टॅन करून दुसऱ्या दिवशी दुपारी स्कार्फाविना पत्रिका वाटत फिरणे म्हणजे केलेले पाण्यात घालणे.

आठ दिवसांत उजळवणारी डबी

वरचा हिशेब लक्षात ठेवला तर एक गोष्ट आपोआप कळते. त्वचेचा फेरा चार-सहा आठवड्यांचा असताना जी डबी आठ दिवसांत चेहरा उजळवते, तिच्यात काहीतरी वेगळेच आहे. हे ‘वेगळे’ बहुतेक वेळा दोनांपैकी एक असते : स्टिरॉइड किंवा पारा.

बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टिरॉइड योग्य आजारात, योग्य दिवसांपुरती उत्तम औषधे आहेत. चेहऱ्यावर गोरेपणासाठी लावली की ती रक्तवाहिन्या आक्रसतात, मेलॅनिनचे काम मंदावतात आणि आठवड्यात चेहरा उजळ दिसतो. मैत्रिणीला सांगितले जाते, ती वहिनीला सांगते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, लाल बारीक शिरा दिसू लागतात, मुरुम उठतात, लव वाढते. क्रीम बंद केले की आग होते, म्हणून पुन्हा लावले जाते. गजकर्णावर लावले तर गजकर्ण दबल्यासारखे वाटते आणि आतून पसरते. आपल्या देशातल्या 12 केंद्रांवरील त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते आणि त्यांतल्या 392 जणांना दुष्परिणाम झालेले होते. ते लावण्याचे सर्वाधिक आढळलेले कारण होते गोरेपणा, किंवा ‘नेहमीचे क्रीम’ म्हणून वापर. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टिरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आणली. चिठ्ठीचा नियम झाला तरी शेजारणीच्या डबीतले बोटभर क्रीम कोणत्याही यादीत येत नाही.

दुसरा पदार्थ पारा. मेलॅनिन तयार करणारे विकर तो अडवतो, म्हणून रंग उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. हे दूरचे उदाहरण नाही. आपल्या अकोल्यातील एका कुटुंबातल्या तीन महिलांना, आई आणि मुलींना, 2022 मध्ये मूत्रपिंडाचा आजार झाला. तिघींनाही एकाच वेळी कसा, याचा शोध घेताना मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत तपास गेला. तिघींमधला समान धागा निघाला घरात वापरले जाणारे, स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेले त्वचा उजळवण्याचे क्रीम. तपासणीत त्यात भरपूर पारा सापडला.

केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळातील अशाच रुग्णांची माहिती ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात मांडली. मूत्रपिंडाच्या गाळण्या खराब होऊन लघवीतून प्रथिने वाहून जाण्याच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण त्यांच्याकडे होते. त्यांपैकी 15 जणांत या आजाराचा एरवी विरळा आढळणारा प्रकार होता आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. दिलाशाची गोष्ट अशी की, क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. पण त्यासाठी आधी कोणीतरी ‘चेहऱ्याला काय लावता?’ हे विचारावे लागते आणि रुग्णाने ते सांगावे लागते.

पारा असलेली सौंदर्यप्रसाधने आटोक्यात आणण्यासाठी ‘मिनामाता करार’ हा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो 2018 मध्ये मान्य केला. आपल्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडली तर इतर प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. बिननावाच्या डबीला मात्र हे नियम कोण लावणार?

म्हणून डबी ओळखायला शिका. उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत यांतले काही नसेल तर ती घेऊ नका. घटकांत ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘कॅलोमेल’ असेल तर लांब राहा. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना दिसली तर ती पाऱ्याची खूण समजा, कारण पारा सोन्या-चांदीशी मिसळतो. जे दागिन्याला चालत नाही ते गालाला कसे चालेल? असे क्रीम वापरत असताना पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आली, लघवीला खूप फेस येऊ लागला तर क्रीम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा आणि ती डबीही सोबत न्या. लघवीची साधी तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बरेच महिने लावलेले स्टिरॉइड मात्र मनाने एकदम न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावे.

शिरेतून देण्याच्या ग्लुटाथायोनच्या जाहिरातीही लग्नाळू मुलामुलींच्या मोबाइलवर फिरत असतात. त्वचा उजळवण्यासाठी ते सुरक्षित आहे याचा भक्कम पुरावा नाही. तीव्र ॲलर्जीचा धोका मात्र आहे. रंगासाठी शिरेत सुई घेऊ नये.

प्रत्येक काळेपणा टॅन नसतो

टॅनची एक खूण आहे : तो कपड्याच्या कडेशी थांबतो. कडेवर न थांबणारा काळेपणा वेगळा असतो. मानेच्या घड्यांत, काखेत मखमलीसारखा जाड काळा पट्टा असेल आणि वजनही वाढलेले असेल, तर त्यामागे शरीराचा इन्सुलिनला मिळणारा कमी प्रतिसाद असू शकतो. तिथे डी-टॅनचे पैसे रक्तातील साखरेच्या तपासणीवर खर्च करणे शहाणपणाचे. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. बोटांच्या पेरांवर काळेपणा आणि सोबत थकवा, मुंग्या असतील तर बी-12 जीवनसत्त्व कमी असू शकते. शाकाहारी घरांत ही कमतरता बरीच आढळते. दोन्ही गालांवर सारखे तपकिरी चट्टे म्हणजे वांग. तो उन्हाने वाढतो, पण त्याचे उपचार वेगळे आणि लांबणारे असतात. नकली दागिन्यांतील निकेलमुळे गळ्याभोवती खाज येऊन पडलेला काळा वळसाही टॅन नव्हे. लग्नात तोच दागिना पुन्हा घातला तर बोहल्यावर खाजवत उभे राहावे लागेल.

मुहूर्तापासून मागे मोजा

*तीन महिने आधी.* इथूनच खरे काम सुरू होते आणि ते स्वस्त आहे. पूर्ण बाही, कोपरापर्यंतचे हातमोजे, मान झाकणारी कॉलर, पायात मोजे आणि बूट. कापड घट्ट विणीचे हवे. उजेडापुढे धरल्यावर आरपार दिसत असेल तर त्यातून किरणही जातात. त्यावर किमान 30 एसपीएफचे, ‘ए’ किरणांपासूनही संरक्षण देणारे सनस्क्रीन लावावे. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर लांब रेघ ओढावी एवढे, निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी. वाटाण्याएवढ्या थेंबाने काही होत नाही. पाळी सुटताना, परतीच्या प्रवासाआधी पुन्हा लावावे, कारण सकाळचे तोपर्यंत उतरलेले असते. डोळ्यांभोवतीच्या फटीसाठी रंगीत, म्हणजे लोह ऑक्साइड असलेले सनस्क्रीन आणि गॉगल उपयोगी. मुरुम, वांग किंवा जुने डाग असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना याच वेळी दाखवावे. त्यांनी दिलेल्या औषधांना महिने लागतात. काही औषधे गरोदरपणात चालत नाहीत. लग्नानंतर लगेच मूल हवे असेल तर ते मोकळेपणाने सांगावे.

*एक महिना आधी.* नवे क्रीम, नवा फेशियल, नवे रसायन सुरू करणे इथे थांबवावे. पीलसारखे उपचार करायचेच असतील तर ते तज्ज्ञांकडून आणि याआधी उरकलेले असावेत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्सिंग टाळावे, त्या काळात कातडी सोलून निघते. मेकअपची चाचणी याच सुमारास आणि शक्यतो दिवसाच्या उजेडात करून पाहावी.

*शेवटचा आठवडा.* त्वचेला विश्रांती. सौम्य साबण, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, एवढेच. वॅक्सिंग तीन-चार दिवस आधी. मेकअपची जी प्रसाधने वापरली जाणार आहेत ती कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस पाहावीत. ‘काळी मेंदी’ नको. तिला काळा रंग येण्यासाठी अनेकदा केस रंगवायचे पीपीडी हे रसायन घातलेले असते आणि त्याने फोड येऊन डाग राहू शकतात. खरी मेंदी लगेच काळी होत नाही. ती आधी केशरी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. हळदीचा पिवळेपणा चेहऱ्यावर राहिला तर मेकअपचा रंग चुकतो. हळदीचा रंग तेलात विरघळतो, म्हणून आधी खोबरेल तेलाने हलके पुसून मग धुवावे. ब्रशने घासू नये.

पट्टा उजळवण्यापेक्षा मिसळवा

तीन महिने मिळाले नाहीत तर? अनेकांना मिळत नाहीत. स्थळ जुळते, महिन्याभरात मुहूर्त निघतो, कारखान्यात रजा मिळते चार दिवसांची. अशा वेळी त्वचेवर प्रयोग करण्यापेक्षा ते काम मेकअपवर सोपवावे. त्या कलेचा तो भागच आहे.

इथे एक साधे तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे : गडद भाग उजळ करण्यापेक्षा उजळ पट्टा थोडा गडद करणे सोपे असते. घड्याळाचा किंवा बाहीचा पांढुरका पट्टा आजूबाजूच्या रंगाच्या फाउंडेशनने सहज मिसळतो. संपूर्ण हाताला दोन छटा उजळ रंग फासला तर तो राखाडी दिसतो, घामाने ओघळतो आणि शालूला लागतो. होमासमोर बसायचे आहे, हे विसरू नये. गडद भागावर नुसता फिका रंग लावला तरी असेच राखाडी दिसते, म्हणून आधी नारिंगी किंवा पीच छटेचा पातळ थर देऊन मग फाउंडेशन लावतात. चेहऱ्याचा रंग मान, कान आणि गळ्याशी जुळला पाहिजे. चेहरा उजळ आणि हात सावळे असे फोटो ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड जास्त असलेली सनस्क्रीन आणि पावडर फ्लॅशच्या उजेडात पांढरी चमकू शकते. चाचणीच्या दिवशी एक फोटो फ्लॅश लावून काढून पाहावा.

निम्मे काम तर शिंपी आणि कासारच करू शकतात. ब्लाउजची बाही टॅनच्या रेघेच्या दोन बोटे खाली संपली की दंडावरची सीमारेषाच दिसत नाही. गळ्याची मागची खोली ठरवण्यापूर्वी आरशात मानेमागची कमान पाहावी. मनगटावरचा घड्याळाचा पट्टा हिरवा चुडा भरला की आपोआप झाकला जातो. पावलांवर मेंदी पसरट काढली तर चपलेची नक्षी तिच्यात मिसळून जाते. यातल्या कशालाही रसायन लागत नाही.

मेकअप करणाऱ्या ताईंनाही एक विनंती. तुमच्याकडे मुली डॉक्टरांपेक्षा आधी येतात. खुर्चीवर बसलेल्या मुलीची त्वचा पातळ, लाल, शिरा दिसणारी असेल किंवा साध्या मॉइश्चरायझरनेही तिला आग होत असेल, तर ‘काय लावतेस?’ एवढे विचारा आणि तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. जे क्रीम कोणी बिनलेबलाच्या डब्यांत आणून विकायला देते, ते ठेवू नका. अकोल्याच्या घरात ते अशाच एका विश्वासाच्या वाटेने गेले होते.

शेवटी घरच्यांसाठी. पंधरा दिवसांत गोरे होण्याची घाई मुलीच्या मनात बहुधा आपणहून येत नाही. ‘जरा काळवंडलीस गं’ असे केळवणाला आलेल्या काकू म्हणतात, फोटो पाहून सासरचे कोणी म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी डबी घरात येते. तो रंग तिने चाकणच्या रस्त्यावर, नोकरीवर जाता-येता कमावला आहे. तो उतरायचा तर उतरेल, नाही उतरला तर चुडा आणि बाही झाकतील. मूत्रपिंडाला मात्र दुसरा मेकअप नाही. म्हणून लग्नघरात आज एकच करा : घरातल्या सगळ्या क्रीमच्या डब्या काढून बसा, लेबले वाचा आणि ज्यांच्यावर नाव-गाव नाही त्या बाजूला काढा.